मुंबईतला खून, गावातला वाचक

मराठी रहस्यकादंबरीतला खून सहसा मुंबईत होतो. मलबार हिलवरचा बंगला, फोर्टातली पेढी, गोदीतले गोदाम, चौपाटीच्या अंधारात दिवे मालवून उभी असलेली मोटार, अशा प्रेत सापडायच्या जागा ठरलेल्या असतात. पुस्तके मात्र मुंबईपुरती राहिली नाहीत. तालुक्याच्या एसटी स्टँडवरून, भाड्याच्या वाचनालयांतून आणि सुट्टीला आलेल्या चाकरमान्याच्या पिशवीतून ती खेड्यापाड्यांत पोचली. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावे आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. अशा गावांतल्या किती तरी वाचकांना मुंबई पहिल्यांदा भेटली ती गुप्तहेराच्या पाठीमागून चालताना. खून मुंबईतच का व्हावा आणि तो गावातल्या माणसाला इतका का आवडावा, हे समजायचे तर पुस्तकांच्याही मागे, मातीत उमटलेल्या पावलापर्यंत जावे लागते.

पेशवाईच्या अखेरीस या मुलखात गुन्ह्याचा तपास म्हणजे माग काढणे. गावाची राखण रामोशी, जागल्या अशा वतनदारांकडे असे. रात्री चोरी झाली की सकाळी राखणदार चोराच्या पावलांचा ठसा शोधी आणि त्याच्या मागावर निघे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत नोंदलेली आहे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला आणि तिथल्या राखणदाराची तशी खात्री पटली, की पहिला राखणदार जबाबदारीतून सुटे. जाताना तो पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली काय करी, तर चोराच्या पायाचे माप आणि बाकी ठाऊक असलेला तपशील. असा माग एका गावातून दुसऱ्या गावात, तिथून तिसऱ्यात जाई. जिथे तो हरवे त्या गावाने चोरीची भरपाई द्यायची, असा संकेत होता. पायाचे माप हातोहात देण्याच्या या रिवाजात पुढच्या काळातल्या बोटांच्या ठशांचे बीज दिसते, असे म्हटले तर फार ओढाताण होणार नाही. बंडखोर रामोशी उमाजी नाईकांचा पाठलाग करणारा कॅप्टन मॅकिंटॉश याने रामोशी समाजावर १८३३ मध्ये पुस्तकच लिहिले. ज्यांना सरकार गुन्हेगार समजत होते त्यांच्याच हातात तपासाची विद्याही होती.

या तपासाची सगळी मदार एका गोष्टीवर होती: गावात परका माणूस लपत नाही. कोण केव्हा आला, कोणाच्या ओट्यावर बसला, कोणत्या वाटेने गेला, हे कोणीतरी पाहिलेले असते. इंग्रजी अमलात १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाचे काम बांधून दिले आणि महाराष्ट्र राज्याने त्याच्या जागी १९६७ चा कायदा आणला. गावात कोणाचा संशयास्पद मृत्यू झाला तर ठाण्याला वर्दी देणे, घटनास्थळ तसेच राखणे हे आजही पोलीस पाटलाचे काम आहे. फौजदार येईपर्यंत खून कोणी केला असावा याची कुजबुज पारावर होऊन गेलेली असते. बांधाचा कोर, भाऊबंदकी, पाण्याची पाळी अशी कारणेही गावाला पाठ असतात. अडते ते पुढे. पंच व्हायला माणूस मिळत नाही, मिळाला तर कोर्टात उलटतो. गावातल्या खुनात नाव सगळ्यांना ठाऊक असते आणि ते घेणारा कोणी नसतो. रहस्यकादंबरीत नेमके याच्या उलट घडते. तिथे नाव कोणालाच ठाऊक नसते आणि शेवटच्या प्रकरणात एक माणूस दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून ते सर्वांसमक्ष घेतो. गावातल्या वाचकाला या पुस्तकांची जी ओढ लागली तिचे एक कारण इथे असावे.

माग हरवतो तो मुंबईत. १८६४ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती ८ लाख १६ हजारांवर गेली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि देशभरातून माणसे येत होती. शेजारच्या खोलीत राहणारा कोण, कुठला, त्याने सांगितलेले नाव खरे की खोटे, हे कळायला मार्ग नव्हता. त्याच वर्षी मुंबईला स्वतंत्र पोलीस कमिशनर मिळाला. फ्रँक साउटर हा पहिला. त्याच्या आधी पोलिसांचा कारभार पाहणारा चार्ल्स फोर्जेट हा तर खुद्द कादंबरीत शोभेल असा होता. त्याला इथल्या भाषा येत, आणि १८५७ च्या धामधुमीत वेष पालटून वस्त्यांत हिंडून तो बातमी काढी, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. रहस्यकादंबरीच्या वाचकाला पुढे जे वेषांतर पानोपानी भेटले, दाढी ओढली की खाली गुळगुळीत हनुवटी, त्याचा मुंबईतला मूळपुरुष हा फोर्जेट म्हणता येईल.

साहित्यातला गुप्तहेरही मोठ्या शहरातच जन्मला. एडगर अ‍ॅलन पो हा अमेरिकेचा, पण १८४१ च्या त्याच्या कथेतले खून पॅरिसमध्ये होतात. पुढे युजीन स्यूने पॅरिसच्या आणि जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सने लंडनच्या पोटातले काळे धंदे हप्त्याहप्त्याने छापले. विल्की कॉलिन्सच्या १८६८ च्या ‘मूनस्टोन’मधला हिरा सोमनाथाच्या मूर्तीवरचा आहे, हे इथल्या वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखे. फर्गस ह्यूम याने १८८६ मध्ये मेलबर्नच्या घोडागाडीत प्रेत ठेवले आणि पुस्तक हातोहात खपले. पुढच्याच वर्षी लंडनच्या बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्स राहायला आला. या सगळ्यांत समान धागा एकच, अनोळखी गर्दी. भारतात पहिला जोर धरला कोलकात्याने. तिथले पोलीस अधिकारी प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’मध्ये आपल्या तपासांच्या हकिगती छापल्या. हिंदीत गोपालराम गहमरी यांचे ‘जासूस’ मासिक १९०० मध्ये निघाले.

मराठीत वाट रेनॉल्ड्सकडून आली. गो. ना. दातार यांच्या ‘अधःपात’, ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ या कादंबऱ्या अशा उसन्या कथानकांवर उभ्या आहेत. भुयारे, गुप्त दरवाजे, वारसाहक्क आणि विषप्रयोग यांची त्यांत रेलचेल आहे. मात्र दातारांनी रेनॉल्ड्सचे लंडन उचलून मुंबईत ठेवले नाही. त्यांनी ते संस्थानांत, किल्ल्यांत, जुन्या राजवाड्यांत नेले. त्यांच्या कादंबऱ्यांत रहस्य भरपूर आणि गुन्हेगारही पुष्कळ, पण शहर नाही, म्हणून आजच्या अर्थाने गुप्तहेरही नाही. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये आणि का. र. मित्रांचे ‘मासिक मनोरंजन’ १८९५ मध्ये सुरू झाले, तेव्हा फावल्या वेळात वाचणारा वर्ग तयार होत होता. मुंबईत खून पाडायला अजून एखादे निमित्त हवे होते.

ते खऱ्या खुनाने पुरवले. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीने अडवली. बावला यांच्यासोबत मुमताज बेगम होती. ती आधी इंदूरच्या दरबारात नाचणारी होती आणि तिथून निसटून आली होती. हल्लेखोर तिला पळवायला आले होते. बावला गोळीने ठार झाले, मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झाले. इतक्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी त्याच रस्त्याने आले आणि हातातल्या काठीनिशी हल्लेखोरांवर तुटून पडले. हे अधिकारी दोन मिनिटे उशिरा आले असते तर प्रकरण बहुधा दडपले गेले असते. धागा इंदूरपर्यंत पोचला, खटल्यात आरोपींच्या बचावाला उभ्या राहिलेल्या वकिलांत महंमद अली जीना होते, आणि १९२६ मध्ये इंदूरचे संस्थानिक तुकोजीराव होळकर गादीवरून दूर झाले. खून झाला त्याच वर्षात, म्हणजे १९२५ मध्येच, या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट निघाला. बावला खुनाने वाचकांच्या मनात एक नकाशा पक्का केला: मलबार हिल, मोटार, पिस्तूल, संस्थानिक, सुंदर स्त्री. पुढची निदान चाळीस वर्षे मराठी रहस्यकादंबरी या नकाशाबाहेर फारशी गेली नाही.

त्या नकाशात वस्ती केली बाबूराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव, जन्म १९०६ चा. टोपणनावातला अर्नाळा म्हणजे वसईच्या किनाऱ्याजवळचे किल्ल्याचे बेट. चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. १९९६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची बरीचशी पुस्तके बाजारात मिळेनाशी झाली होती, पण झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांची नावे म्हणीसारखी भाषेत रुळली होती. कोणी फार हुशारी दाखवू लागला की ‘मोठा झुंजार लागून गेलास’ हे ऐकवणारे अजूनही भेटतात.

अर्नाळकरांची पात्रे पाहिली की उसनवारी कुठून झाली ते लपत नाही. धनंजय आणि छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या घराण्यातली आहे. झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या काठावर वावरणारे साहसवीर. पोलिसांना चकवायचे, खलनायकाला धडा शिकवायचा आणि स्वतः हाती लागायचे नाही, ही तऱ्हा एडगर वॉलेस, मॉरिस लब्लां यांच्या पुस्तकांत मुरलेली होती. कथानके पुष्कळदा इंग्रजीवरून घेतलेली असत आणि समीक्षकांनी त्याबद्दल नाके मुरडली. त्यात तथ्य आहे. तरीही एक फरक समीक्षकांच्या नजरेतून सुटला. झुंजारच्या साहसांत त्याची पत्नी विजया बरोबरीने उतरते. संकटात सापडते तशी नवऱ्याला संकटातून सोडवतेही. त्या काळच्या प्रतिष्ठित सामाजिक कादंबरीतली नायिका निम्मी पाने अश्रू ढाळण्यात घालवत असताना दहा-बारा आण्यांच्या पुस्तकातली ही बाई पिस्तूल चालवत होती. विजयामुळे हे पुस्तक घरातल्या बायकांच्या हातीही गेले.

भाषा हे अर्नाळकरांचे खरे भांडवल. वाक्य आखूड, क्रियापद ठाशीव, वर्णन कामापुरते. नुकतीच अक्षरओळख झालेला गिरणी कामगार आणि सातवीतला मुलगा, दोघांनाही ते न अडखळता वाचता येई. पुस्तकाची बांधणीही तशीच होती. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापून त्याची घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात. सहा फर्म्यांचे पुस्तक म्हणजे ९६ पाने. लेखकाला कथानक त्या हिशेबात बसवावे लागे. म्हणून या कादंबऱ्यांत खून पहिल्या दहा पानांत होतो, तिसऱ्या फर्म्यात दुसरे प्रेत पडते आणि शेवटच्या चार-पाच पानांत सगळा उलगडा घाईघाईने उरकला जातो. ही घाई लेखकाच्या कुवतीची नव्हती, कागदाच्या भावाची होती. आत पिवळट, खरबरीत कागद, पिनांनी टोचलेली पाठ, बाहेर भडक रंगाचे मुखपृष्ठ आणि त्यावर घाबरलेली स्त्री, हात उगारलेली सावली, कोपऱ्यात बंगल्याची उजळलेली खिडकी. वाचनालयात आले की पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर चढे आणि ती स्त्री दिसेनाशी होई. बाहेर फक्त नंबर आणि जांभळा शिक्का.

या धंद्याचे दुसरे टोक म्हणजे भाड्याची वाचनालये. गिरगाव, दादर, लालबाग इथल्या गल्ल्यांतून आणि पुण्याच्या पेठांतून अशी दुकाने होती. अनामत ठेवायची, महिन्याची वर्गणी भरायची आणि रोज एक पुस्तक न्यायचे. पुस्तक विकत घेणारा एक असला तरी वाचणारे शंभर असत, त्यामुळे लेखकाची कीर्ती आणि त्याचे उत्पन्न यांचा एकमेकांशी मेळ कधीच बसला नाही. वाचनालयाच्या मालकाची कायमची तक्रार एकच असे, शेवटची पाने फाडली जातात. कोणी तरी आधीच्या वाचकाने खुन्याच्या नावाला पेन्सिलीने खूण करून ठेवलेली असे, ती आणखी वेगळी.

तालुक्याच्या गावांना हे साहित्य दोन वाटांनी आले. पहिली वाट रस्त्याची. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याची पहिली एसटी धावली आणि पुढच्या दोन दशकांत तालुक्यातालुक्यांत स्टँड उभे राहिले. स्टँड आला की पानाचे दुकान, चहाची टपरी आणि वर्तमानपत्र-मासिकांचा स्टॉल आपोआप येतो. इंदापूर पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे आणि तालुक्यातले भिगवण मुंबई-सोलापूर रेल्वेवर, त्यामुळे मुंबईची पुस्तके पोचायला इथे अडचण नव्हती. बारामतीला दौंडवरून छोटी गाडी येई. तिचा वेग असा, की दौंडला घेतलेले ९६ पानांचे पुस्तक बारामती यायच्या आत निकालात निघावे.

दुसरी वाट सरकारी. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळू लागले. ड वर्गाचे ग्रंथालय म्हणजे बहुधा एक खोली, दोन कपाटे, चार वर्तमानपत्रे. त्या कपाटांत संतचरित्रे, शेतीची पुस्तके आणि ययाती-स्वामीच्या रांगेमागे रहस्यकथांचा गठ्ठा असे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला पुढची रांग दिसायची आणि देवघेवीच्या वहीत मागचीच रांग जास्त भरायची, ही स्थिती एकट्या इंदापूर तालुक्याची नव्हती. घरात हे पुस्तक अभ्यासाच्या वहीत घालून वाचले जाई. ‘डिटेक्टिव्ह वाचतो’ ही शाळकरी मुलाबद्दलची तक्रार होती आणि थोडा वचकही.

वाचणाऱ्याच्या मनात त्यातून एक मुंबई तयार होत गेली. तिच्यात धूळ नव्हती, नळावरची भांडणे नव्हती, खोलीत दहा माणसे झोपत नव्हती. तिथे टेलिफोन खणखणत असे, टॅक्सी हात केल्याबरोबर थांबे आणि ‘त्या गाडीच्या मागे घ्या’ म्हटले की ड्रायव्हर कारण विचारत नसे. वरकुट्यासारख्या गावातून त्याच काळात दुष्काळाने, विशेषतः १९७२ च्या, जी माणसे शहरांकडे गेली, त्यांना दिसलेली मुंबई निराळी होती. पण गंमत अशी, की वरून पाहता खोट्या वाटणाऱ्या या शहराचा भूगोल बिनचूक असे. चर्चगेटहून मरीन लाइन्स, तिथून ऑपेरा हाउस, केम्प्स कॉर्नर, वर मलबार हिल, हा क्रम गावातल्या पोराला तोंडपाठ होई. इंग्लंडमध्ये एच. आर. एफ. कीटिंग या लेखकाने १९६४ च्या ‘द परफेक्ट मर्डर’मध्ये मुंबईच्या सीआयडीचा इन्स्पेक्टर घोटे उभा केला, बक्षीस मिळवले आणि पुढची कित्येक वर्षे भारतात पाऊल न टाकता त्याच्यावर पुस्तके लिहिली. मुंबई न पाहता लिहिणारा तो आणि मुंबई न पाहता वाचणारे हे, दोघांचे काम नकाशावरच चाले.

अर्नाळकरांनंतरच्या पिढीत संख्येच्या बाबतीत त्यांना मागे टाकणारे गुरुनाथ नाईक आले. मूळचे गोव्याचे, पेशाने पत्रकार. कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले, उदयसिंह राठोड, गरुड, शिलेदार असे वेगवेगळे नायक घेऊन त्यांनी बाराशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे नायक लष्करी हुद्द्यांचे असण्यामागे काळ आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर वाचकाला मलबार हिलवरच्या मृत्युपत्रापेक्षा सीमेपलीकडचा हेर जास्त खरा वाटू लागला. महिन्याला कित्येक पुस्तके हातावेगळी करणाऱ्या नाईकांना उतारवयात मात्र आर्थिक ओढगस्त सोसावी लागली. २०२१ मध्ये ते वारले.

सुहास शिरवळकर (१९४८-२००३) हे पुण्याचे. त्यांच्या अमर विश्वासने रहस्याचा मुक्काम बंगल्यातून कोर्टात हलवला. हा फौजदारी वकील अर्ल स्टॅन्ले गार्डनरच्या पेरी मेसनचा नातलग आहे, पण त्याची भाषा कॉलेजच्या कट्ट्यावरची आहे. मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद हे त्यांचे इतर नायक. शिरवळकर पुढे ‘दुनियादारी’सारख्या कादंबऱ्यांकडे वळले आणि त्यांचे वाचकही त्यांच्यासोबत गेले. रहस्यकथेत मुरलेल्या लेखकाने सामाजिक कादंबरी लिहिली की ती खाली ठेववत नाही, याचा दाखला म्हणून ‘दुनियादारी’ वाचावी. दिवाळीत ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’ आणि पुण्याच्या अनंत अंतरकरांचे ‘नवल’ हे अंक गूढ आणि रहस्य यांना वाहिलेले असत. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलांचा हेर झाला. या पंगतीत मोठ्यांच्या खुनाचे ताट सर्वांत भरलेले, तरी वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत त्याच्या वाट्याला एखाददुसरा परिच्छेदच आला.

खऱ्या मुंबईतला खून आणि पुस्तकातला खून यांचे अंतर मोजायला दोन प्रकरणे पुरतात. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि स्वतः जाऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. रहस्य शून्य. तरीही देशभर लोकांनी हा खटला कादंबरीसारखा वाचला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेल्या नानावटींना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. दुसरे प्रकरण रामन राघवचे. १९६८ मध्ये उत्तर उपनगरांतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसे एकापाठोपाठ एक डोके ठेचून मारली जात होती. ऑगस्टमध्ये सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून संशयिताला रस्त्यात हेरले. तपासाची सूत्रे क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. राघवने तोंड उघडले ते त्याला हवे तसे कोंबडीचे जेवण मिळाल्यावर, ही हकिगत पुढे पोलीस खात्यात दंतकथा झाली. मराठी रहस्यकादंबरीत खून होतो तो गिरणीमालकाचा, जवाहिऱ्याचा, नटीचा. फुटपाथवर झोपणारा माणूस तिथे फार तर साक्षीदार असतो, मरायला तो कोणाच्या मृत्युपत्रात नसतो. या वाङ्मयप्रकाराची मर्यादा सांगायची तर हीच सांगावी लागेल.

कुलकर्णींचेच नाव मानवतच्या तपासातही येते. परभणी जिल्ह्यातल्या या गावात १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभातून मुली आणि स्त्रिया मारल्या गेल्या. गाव लहान, माणसे ओळखीची, तरी भीतीने तोंडे मिटलेली. त्यावर अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. मुंबईच्या तपासात अडचण अशी, की कोणी पाहिलेले नसते; मानवतमध्ये पाहिलेली माणसे बोलत नव्हती.

कादंबरीतला गुप्तहेर आणि कायद्यातला तपास यांचेही फारसे जमत नाही. प्रत्यक्षात घटनास्थळी पहिले काम पंचनाम्याचे. पाच माणसांनी पाहून लिहून ठेवलेली हकिगत, असा त्या शब्दाचा अर्थ. आता दोन पंच पुरतात. प्रेताची दिशा, अंगावरचे कपडे, जखमा, भिंतीपासूनचे अंतर, मुद्देमाल लाखेने सीलबंद. मुंबईत संशयास्पद मृत्यूची चौकशी करायला कोरोनर नावाचा स्वतंत्र अधिकारी होता, १८७१ च्या कायद्याने नेमलेला. जुन्या कादंबऱ्यांत त्याचे नाव सारखे येते. हे पद १९९९ मध्ये रद्द झाले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही, त्या जबाबावरून हत्यार सापडले तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे दिवाणखान्यात सर्वांना जमवून खुन्याकडून फौजदारापुढे कबुली वदवून घेणारा धनंजय कोर्टात त्या कबुलीवर फार पुढे गेला नसता. खासगी गुप्तहेराला भारतात परवाना देणारा कायदाच नाही; त्यासाठी २००७ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक कायद्यापर्यंत पोचले नाही. वाचकाला यातले काही खटकले नाही, कारण तो कोर्टाचा निकाल ऐकायला आलेलाच नव्हता.

पडद्याने या कथा आधी वाढवल्या आणि मग त्यांची जागा घेतली. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ केला. त्याचाच १९६६ चा हिंदी अवतार ‘मेरा साया’. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे त्यावर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका आली, तेव्हा पोलिसांच्या फायलीतल्या हकिगती घराघरांत दिसू लागल्या. तिच्यातले शिवाजी साटम १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्न झाले. गावात एका घरी टीव्ही आणि पुढे पन्नास माणसे, असे दृश्य जिथे तयार झाले तिथे ९६ पानांच्या पुस्तकाचा ग्राहक उठून गेला. भाड्याची वाचनालये एकेक करून बंद पडली. काहींच्या जागी आधी व्हिडिओ कॅसेटची दुकाने आली, मग मोबाइलची.

इतक्या प्रचंड संख्येने छापलेली ही पुस्तके आज दुर्मिळ आहेत. ती जपण्यासाठी छापलेलीच नव्हती. कागद ठिसूळ, पिना गंजलेल्या, पाने सुटलेली. वाचनालयांनी जीर्ण प्रती यादीतून कमी करून रद्दीत काढल्या, आणि जी पुस्तके सर्वांत जास्त वाचली गेली तीच सर्वांत आधी गेली. अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांचा पूर्ण संच एका जागी सापडणे अवघड झाल्यावर सतीश भावे यांनी निवडक कथांचे संपादन केले आणि राजहंस प्रकाशनाने त्या पुन्हा छापल्या. जुन्या पुस्तकांचे संग्राहक पुण्याच्या आणि मुंबईच्या रद्दीवाल्यांकडे अजून झुंजार शोधतात. प्रत हाती लागली की ते आधी शेवटचे पान जागेवर आहे का ते पाहतात.